संस्कृतचा तास आणि दोन मुलं

(हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर. हेडफोन घरी राहिले असतील, किंवा परीक्षेच्या दिवसांत गुपचूप वाचायचं असेल, तर खास तुमच्यासाठी.)

कुठे आहात? लोकलमध्ये लटकत, एसटीच्या खिडकीशी, की ‘अभ्यासाला बसते’ असं आईला सांगून दार लावून फोन घेऊन? तिसरं असेल तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे.

एक प्रसंग आठवा. सर फळ्यावर काहीतरी लिहून वळतात आणि विचारतात, “समजलं का?” आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, “होऽऽ सर!”

या ‘हो’मध्ये माझाही आवाज असायचा. चांगला मोठा. मी सातवीपर्यंत मराठीतून शिकले आणि आठवीला सेमी इंग्लिश घेतलं. भूमितीच्या तासाला मला शब्दशः काही कळायचं नाही, पण ‘हो’ मात्र मी सगळ्यांच्या आधी म्हणायचे. नववीच्या सहामाहीत चाळीसपैकी अकरा मार्क पडले. तो पेपर मी तीन आठवडे दप्तराच्या तळाशी, तक्त्याच्या पुठ्ठ्याखाली लपवून ठेवला होता. त्या पेपरचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी इतिहासात जाऊया, कारण माझ्यासारखंच ‘आपल्याला काही जमत नाही’ असं वाटून पळून जायला निघालेला एक मुलगा तिथे भेटतो. पळून जायची त्याची दिशाही मजेशीर होती. तो संस्कृतच्या तासाला न जाता फारसीच्या वर्गात जाऊन बसला होता.

गाव राजकोट, काठियावाड. साल १८८० च्या दशकातलं. मुलाचं नाव मोहन. वडील संस्थानात दिवाण. मुलगा इतका लाजाळू की शाळा सुटली की धावत घरी यायचा. का? तर वाटेत कुणी बोलायला लागलं तर काय घ्या! आता विचार करा, जो मुलगा रस्त्यात कुणी बोलेल म्हणून पळतो, तो भर वर्गात हात वर करून “सर, मला कळलं नाही” असं म्हणेल का?

त्यात तेराव्या वर्षी त्याचं लग्न झालं. हो, तेराव्या. त्यात शाळेचं एक वर्ष बुडालं. ते भरून निघावं म्हणून शिक्षकांनी त्याला एक सवलत दिली, ती अभ्यासू मुलांनाच मिळायची. तिसरीत जेमतेम सहा महिने काढून तो परीक्षा देऊन चौथीत गेला. ही तेव्हाची हायस्कूलची चौथी, बरं का. आपल्या हिशेबानं साधारण आठवी.

आणि तिथे गाडी अडली. चौथीपासून बहुतेक विषय इंग्रजीतून सुरू झाले. त्यात भूमिती हा विषयच नवा. शिक्षक चांगलं शिकवायचे, तसं मोहननं पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण याच्या डोक्यात काही शिरेना. अनेकदा वाटायचं, परत तिसरीत जाऊन बसावं. पण तसं केलं तर आपली तर लाज जाईलच, वर ज्या शिक्षकांनी विश्वास टाकून वरच्या वर्गात घातलं त्यांचीही जाईल. म्हणून हा गप्प बसून राहिला.

मग एक दिवस युक्लिडचं तेरावं प्रमेय आलं. युक्लिड म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ग्रीक गणिती. त्याच्या पुस्तकावरूनच तेव्हा जगभर भूमिती शिकवत. त्याच्या पहिल्या भागातलं तेरावं प्रमेय तुम्हाला माहीत आहे, फक्त नाव वेगळं आहे. टेबलावर पट्टी ठेवा. पट्टीच्या मधोमध एक पेन्सिल तिरकी टेकवा. पेन्सिलच्या डाव्या बाजूला एक कोन, उजव्या बाजूला दुसरा. पेन्सिल कशीही कलवा, एक कोन जितका कमी होईल तितकाच दुसरा वाढेल. दोघांची बेरीज कायम दोन काटकोन, म्हणजे १८० अंश. आपल्या पुस्तकात याला ‘रेषीय जोडीतील कोन’ म्हणतात.

इथे मोहनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ज्या विषयात फक्त सरळ विचार करायचा असतो, तो अवघड कसा असेल, असं त्याला वाटलं, आणि तेव्हापासून भूमिती त्याला सोपी आणि आवडीची झाली.

टाळ्या वाजवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. इथे त्यानं कुणाचीही मदत मागितली नव्हती. तो लाजेपोटी बसून राहिला आणि नशिबानं त्याला वाट सापडली. कित्येकांना ती सापडत नाही. आणि खरी अडचण कुठे होती हे त्याला तेव्हा कळलंच नव्हतं. १९३८ साली ‘हरिजन’मध्ये लिहिताना त्यानं, म्हणजे आता आपण गांधीजी म्हणूया, हिशेब मांडला. अंकगणित, भूमिती, बीजगणित हे सगळं शिकायला आपल्याला चार वर्षं लागली. तेच गुजरातीतून शिकवलं असतं तर एका वर्षात सहज झालं असतं. म्हणजे मुलगा ‘ढ’ नव्हता. भूमितीच्या दारात इंग्रजी आडवी उभी होती.

पण न विचारता निभावून गेलं की एक तोटा होतो. विचारायची सवय लागत नाही. पुढच्या विषयाला पुन्हा तीच बोंब. मोहनचा तो पुढचा विषय होता संस्कृत.

भूमितीत पाठ करायचं काही नव्हतं. संस्कृतात सगळंच पाठ करायचं, अशी त्याची समजूत. सहावीत पोचेपर्यंत त्याचा धीर सुटला. संस्कृतचे शिक्षक कडक. मुलांकडून भरपूर काम करून घेणारे. शेजारी फारसीचा वर्ग, आणि तिथले शिक्षक मवाळ. दोन शिक्षकांमध्ये थोडी चुरसही होती. मुलांमध्ये कुजबुज चालायची की फारसी एकदम सोपी, सर पण मस्त. आपणही अकरावीला विषय निवडताना हेच करतो की नाही? “कोणता विषय स्कोअरिंग आहे?” मोहनही एक दिवस गुपचूप फारसीच्या वर्गात जाऊन बसला.

संस्कृतच्या शिक्षकांना हे कळलं. त्यांचं नाव कृष्णशंकर पंड्या. आता एका कडक शिक्षकाकडून आपली अपेक्षा काय असते? कान धरणं, पालकांना बोलावणं, निदान वर्गात टोमणा मारणं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी मोहनला बाजूला बोलावलं आणि सांगितलं की तू वैष्णव वडिलांचा मुलगा, स्वतःच्या धर्माची भाषा शिकणार नाहीस का? काही अडत असेल तर माझ्याकडे का येत नाहीस? जितकं मला येतं तितकं सगळं मला तुम्हा मुलांना शिकवायचं आहे. पुढे गेलास की यात रस वाटायला लागेल. धीर सोडू नको, परत येऊन वर्गात बस.

मोहन वरमला आणि परत गेला. पुढे आत्मचरित्र लिहिताना गांधीजींनी या शिक्षकांची नावानिशी आठवण काढली. तेव्हा थोडंफार संस्कृत आलं नसतं तर धर्मग्रंथांत रस घेणं अवघड गेलं असतं, आणि जास्त शिकलो नाही याची खंत वाटते, असंही त्यांनी लिहिलं.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो हा की दार शिक्षकांनी उघडलं. “माझ्याकडे का येत नाहीस?” हा प्रश्न आधी त्यांनी विचारला. मुलाला फक्त आत यायचं होतं.

याचा परिणाम मार्कांवर काय झाला? खरं सांगू? फार काही नाही. १८८७ च्या मॅट्रिक परीक्षेत मोहनला ६२५ पैकी साडेदोनशेलाही अडीच कमी, म्हणजे २४७.५ गुण मिळाले. चाळीस टक्केसुद्धा नाहीत. त्यामुळे ‘मदत मागा आणि टॉपर व्हा’ अशी ही गोष्ट नाही, तशी जाहिरात करणारे क्लासवाले वेगळे. पण एक गोष्ट बदललेली दिसते. लंडनला बॅरिस्टर व्हायला गेल्यावर त्यांनी तिथली मॅट्रिक द्यायची ठरवली, आणि त्यात लॅटिन होतं. या वेळी ते सोप्या विषयाकडे पळाले नाहीत. त्यांनी खासगी क्लास लावला. पहिल्या वेळी लॅटिनमध्ये नापास झाले. पुन्हा बसले, आणि पास झाले.

आणि संस्कृत? दक्षिण आफ्रिकेत असताना, १९०३ च्या सुमारास, भरपूर वकिली चालू असताना, ते गीतेचे श्लोक कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवायचे आणि सकाळी दात घासताना पाठ करायचे. असे तेरा अध्याय पाठ झाले. जो मुलगा ‘पाठांतर नको’ म्हणून फारसीच्या वर्गात गेला होता, तोच! पुढे त्यांनी गीतेचा गुजराती अनुवादही केला. ‘अनासक्तियोग’ नावानं तो १९३० मध्ये छापला गेला, दांडीयात्रेच्याच दिवसांत.

हा एपिसोड मी खरं तर इथेच संपवणार होते. ‘विचारा, लाजू नका’ असा गोड शेवट करून मोकळी झाले असते. पण तयारी करताना मला सारखा दुसरा एक मुलगा आठवत राहिला. त्याच्याही शाळेत हेच दोन वर्ग होते, एक संस्कृतचा आणि एक फारसीचा. आणि तोही फारसीच्या वर्गात जाऊन बसला. फक्त तो पळून गेला नव्हता.

राजकोटच्या गोष्टीनंतर साधारण वीस वर्षांनी. मुंबई, परळ. चाळीतली एक खोली. त्यातच स्वयंपाक, झोपणं, अभ्यास. मुलाचं नाव भीम. वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेत शिकवलेले, शिक्षणाचं मोल पक्कं ठाऊक असलेले. मुलानं संस्कृत शिकावं अशी त्यांची फार इच्छा. मुलालाही ती भाषा हवी होती. पण अस्पृश्य म्हणून त्याला संस्कृत शिकवायला नकार मिळाला, आणि नाइलाजानं त्यानं फारसी घेतली.

दोन्ही प्रसंग जरा शेजारी ठेवून बघा. राजकोटमध्ये शिक्षक पळणाऱ्या मुलाला सांगतात, ही तुझी भाषा आहे, परत ये. मुंबईत यायला निघालेल्या मुलाला सांगितलं जातं, ही तुझी नाही, येऊ नको. एकाला न मागता मदत मिळाली, दुसऱ्याला मागायचाही हक्क नव्हता. आणि दोन्हीकडे मुलगा कोणत्या घरात जन्मला यावरून ते ठरलं. माझ्यापुरतं सांगते, हे लक्षात आल्यावर पंड्या सरांच्या त्या प्रेमळ बोलण्यातलं ‘वैष्णव वडिलांचा मुलगा’ हे मला वेगळंच ऐकू यायला लागलं.

भीमच्या शाळेतला फळ्याचा प्रसंग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. शिक्षकांनी त्याला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. तो उठला आणि वर्गात एकच गोंधळ. कारण बाकीच्या मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले असायचे. याचा स्पर्श होऊन डबे बाटतील म्हणून मुलं धावली आणि त्यांनी डबे बाजूला भिरकावले. त्यानंतरच तो फळ्यापर्यंत पोचला. आपल्याला फळ्याकडे जाताना भीती वाटते ती उत्तर चुकण्याची. या मुलाला उत्तर येत असूनही फळ्यापर्यंतची चार पावलं अशी चालावी लागली.

मग त्यानं काय केलं? शाळेतली दारं बंद होती, तर मदत दुसरीकडून आली. पहिली घरातून. वडील स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग मुलाला अभ्यासाला उठवायचे, कारण त्या वेळी चाळ शांत असायची. पुस्तकांसाठी पैसे नसले तर रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचे दागिने गहाण ठेवून पैसे आणायचे. म्हणजे एका मुलाच्या अभ्यासामागे अख्खं घर उभं होतं.

दुसरी मदत बागेत भेटली. शाळा सुटल्यावर भीम चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथेच फिरायला यायचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर, शिक्षक आणि मराठीतले नावाजलेले लेखक. रोज एक मुलगा पुस्तकात डोकं घालून बसलेला दिसतो, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि त्याला वाचायला पुस्तकं द्यायला सुरुवात केली. ते काही त्याच्या शाळेचे शिक्षक नव्हते. त्यांच्यावर कसलीही जबाबदारी नव्हती. १९०७ साली भीम मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. आणि पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा तेच त्याला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले.

आणि संस्कृतचं काय? बाबासाहेबांनी ते सोडलं नाही. पुढे स्वतःच्या कष्टानं आणि पंडितांच्या मदतीनं ते शिकले. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं, त्यातही अर्थशास्त्राबरोबर संस्कृतचा अभ्यास करायचा त्यांचा मनोदय होता. मुंबईत न मिळालेल्या तासासाठी थेट जर्मनी! तरीही १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते सरळ मान्य करतात की संस्कृतवर आपलं प्रभुत्व नाही, आणि त्याच दमात सांगतात की म्हणून या विषयावर बोलायचा आपला हक्क जात नाही. भाषांतरं आहेत, अभ्यास आहे.

इतक्या मोठ्या विद्वानानं ‘हे मला पूर्ण येत नाही’ असं छापील पुस्तकात लिहिलं. आणि आपण युनिट टेस्टच्या पेपरला घाबरतो.

कमेंटमध्ये भांडण सुरू होण्याआधी सांगते, ‘दोघांत मोठं कोण’ असा हा एपिसोड नाही. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की जे दिसतं ते मला सांगायचं होतं. आपण नेहमी विद्यार्थ्याला म्हणतो, “विचारायला काय होतं? लाजतोस कशाला?” पण विचारणं एकट्याच्या हिमतीवर होत नाही. समोर कुणीतरी असं लागतं, ज्याच्यापुढे ‘मला येत नाही’ म्हटलं तर आपली किंमत कमी होणार नाही. मोहनला ते शाळेत मिळालं. भीमला शाळेनं नाकारलं, पण घरी वडील होते आणि बागेत केळुसकर. ज्यांना कुणीच भेटलं नाही, अशा कितीतरी मुलामुलींची नावं आपल्याला माहीतच नाहीत, कारण ती वर्गाबाहेरच राहिली.

आता माझा तो दप्तरातला पेपर.

तीन आठवड्यांनी मी तो घेऊन आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्या बँकेत नोकरीला. निमित्त काय, तर त्यांचा डबा परत द्यायचा होता. दहा मिनिटं डब्याबद्दलच बोलले. मग पेपर काढला. त्यांनी अकरा मार्क बघितले आणि काहीच म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, “कुठपर्यंत समजलंय, ते सांग.”

मला सांगता येईना. कारण तोपर्यंत मला ‘काहीच समजत नाही’ एवढंच माहीत होतं. मग त्यांनी एकेक ओळ वाचायला लावली. ‘करस्पॉण्डिंग अँगल्स’ या शब्दाशी मी अडखळले. त्या म्हणाल्या, “अगं, संगत कोन!”

संगत कोन मला येत होते! मराठीतून शिकताना मी ते केले होते, आकृत्यांसकट. मी दीड वर्ष एका शब्दाबाहेर उभी होते आणि मला वाटत होतं की अख्खी भूमितीच बंद आहे. त्या रात्री आम्ही वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. वार्षिकला मला चाळीसपैकी चोवीस पडले. फार नाहीत, मला माहीत आहे. पण तो पेपर मी आईला त्याच दिवशी दाखवला.

म्हणून आज दोनच कामं देते. पहिलं, ज्यांचं अडलंय त्यांना. ‘मला गणित येत नाही’ असं म्हणू नका, ते फार मोठं आहे, कुणालाच सोडवता येणार नाही. पुस्तक उघडा आणि जिथपर्यंत कळलं तिथे पेन्सिलीनं एक खूण करा. ती खूण घेऊन कुणाकडे तरी जा. शिक्षक, ताई, दादा, मैत्रीण, खालच्या मजल्यावरच्या काकू. डबा परत द्यायच्या निमित्तानं गेलात तरी चालेल.

दुसरं, ज्यांचं अडलेलं नाही त्यांना. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, मोठ्यानं ‘हो’ म्हणणारं किंवा अजिबातच न बोलणारं कुणीतरी असेल. त्याच्या येण्याची वाट बघू नका. तुम्हीच विचारा, “माझ्याकडे का येत नाहीस?”

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत, समजलं का?

नसेल समजलं तर ‘नाही’ म्हणा. मी परत सांगेन.